शाळा सुटल्यानंतरचे बडोदे

शाळेची शेवटची घंटा झाल्यावर मुलाचा उरलेला दिवस कसा जावा, हा प्रश्न आज बहुतेक घरांत खासगी शिकवणीने सोडवला जातो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बडोदे संस्थानाने तो राज्यकारभाराचा प्रश्न मानला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्यांना हा इतिहास विशेष जवळचा वाटावा.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याचे रीतसर शिक्षण त्यानंतरच सुरू झाले. हेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून विख्यात झाले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती सक्ती साऱ्या राज्याला लागू केली.

मात्र सक्तीचे वय संपताच अनेक मुले शेताकडे अथवा वडिलांच्या धंद्याकडे वळत. मुली तर त्याहून लवकर घरी बसत. हाती पुन्हा पुस्तक आले नाही, तर शिकलेली अक्षरे काही वर्षांत विसरली जाणार, हे उघड होते. ज्या वयात महाराजांचे स्वतःचे शिक्षण सुरू झाले, त्याच वयाच्या आसपास प्रजेतील मुलांचे संपत होते. शाळेवरचा खर्च सार्थकी लागायचा, तर शाळेबाहेरही शिक्षणाची सोय हवी होती.

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. त्यात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि तेथे पुस्तकांच्या जोडीला खेळही ठेवलेले असत. ज्या गावात ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या विनामूल्य पाठवल्या जात. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी चित्रांच्या साहाय्याने ज्ञान देणारी वेगळी शाखा होती.

शरीर आणि कला यांचाही विचार या नगरीत झाला होता. १८८६ मध्ये सुरू झालेल्या गायनशाळेची धुरा मौलाबक्ष यांच्याकडे सोपवण्यात आली. घराण्यांत बंदिस्त असलेली विद्या त्यामुळे सामान्यांच्या मुलांपर्यंत पोहोचली. तालमीच्या क्षेत्रात प्रा. माणिकराव यांनी बडोद्याचे नाव दूरवर नेले. आपल्या व्यायाममंदिराला त्यांनी आपले उस्ताद जुम्मादादा यांचे नाव दिले. हिंदू शिष्याने मुसलमान गुरूचे ऋण असे जाहीरपणे मानावे, हा संस्कार कोणत्याही क्रमिक पुस्तकाहून कमी मोलाचा नव्हता.

गुजराती मुलखातील या राज्यात मराठी टिकली, त्यालाही शाळेबाहेरच्या अशा जीवनाचा आधार होता. परप्रांतातील मूल वर्गात काही तास मराठी ऐकते. रस्त्यावर, मैदानावर, पडद्यावर त्याला दुसऱ्याच भाषा भेटतात. संध्याकाळच्या वाचनात, नाटकाच्या तालमीत, खेळाच्या आरोळीत ज्या भाषेला जागा नाही, ती हळूहळू केवळ परीक्षेपुरती उरते. शिवाय शिकवणीचे शुल्क ज्याला परवडत नाही, त्या मुलाची संध्याकाळ रिकामीच राहते. बडोद्याच्या ग्रंथपेटीने मात्र कोणाच्या घरची परिस्थिती विचारली नव्हती.

त्या योजनेतील एक नियम मनन करण्याजोगा आहे. गावात ग्रंथालय हवे असेल, तर गावकऱ्यांनी आधी आपला वाटा गोळा करायचा. मग तेवढीच रक्कम पंचायत देई आणि तेवढीच सरकार. तिसरा हिस्सा लहान खरा, पण तो जमल्यावाचून पुढचे दोन हलत नसत. हीरक महोत्सवाच्या उंबरठ्यावर कोणत्याही शाळेचे माजी विद्यार्थी आणि पालक एकत्र येतात, तेव्हा त्यांच्यापुढेही तोच पहिला हिस्सा असतो: आठवड्यातील एक संध्याकाळ, एक उघडे कपाट आणि मुलांजवळ बसणारे एक मोठे माणूस.