कर्करोगावरील औषध-संशोधन आणि तरुण डॉक्टरांचे प्रशिक्षण : परळ ते खारघर

पनवेल तालुक्यातील रोडपाली हे गाव आज कळंबोली वसाहतीत जवळजवळ मिसळून गेले आहे. जवळच तळोजा औद्योगिक क्षेत्र आहे, तर काही किलोमीटरवर खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन व शिक्षणसंस्था आहे. परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये येथे स्थलांतरित झाली. या परिसरास औषधांचे कारखाने नवीन नाहीत. परंतु औषध माणसाला द्यावे की नाही, किती द्यावे, हे ठरविण्याची विद्या डॉक्टरांना कोणी आणि कशी शिकविली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले व तेथेच डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९६६ मध्ये दोन्ही संस्था एकत्र आल्या. मात्र प्रयोगशाळेतील संशोधक आणि रुग्णाजवळचा डॉक्टर यांचे शिक्षण दोन वेगळ्या वाटांनीच चालू राहिले. कर्करोगाच्या औषधोपचाराची स्वतंत्र उच्च पदवी आपल्याकडे आली ती १९८४ मध्ये, चेन्नईच्या अड्यार येथील संस्थेत.

त्याच सुमारास मुंबईत डॉ. सुरेश अडवाणी यांनी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे शिकून आलेल्या तंत्राने १९८३ मध्ये अस्थिमज्जा-प्रत्यारोपण केले. याहून कमी गाजलेली, परंतु प्रशिक्षणाच्या दृष्टीने माझ्या मते अधिक महत्त्वाची घटना म्हणजे बालकांच्या रक्तकर्करोगासाठी ‘एमसीपी-८४१’ ही उपचारपद्धती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयन मॅग्रा यांच्या सहकार्याने ती मुंबई, चेन्नई व दिल्ली येथे राबविली गेली. प्रत्येक बालकास एकाच लेखी आराखड्यानुसार औषध द्यायचे आणि परिणामांची नोंद ठेवायची, ही शिस्त नवख्या डॉक्टरांना तेथे लागली.

पुढे २००५ मध्ये औषध-नियमांच्या ‘वाय’ परिशिष्टात बदल झाला आणि परदेशी कंपन्यांच्या चाचण्यांना भारताचे दार अधिक उघडले. या काळाची सरसकट निंदा करणे योग्य ठरणार नाही. संमतिपत्र, नैतिक समिती, दुष्परिणामांचा तातडीचा अहवाल या गोष्टी अनेकांनी येथेच आत्मसात केल्या. परंतु प्रश्न तयार होऊन येत असे. आपला डॉक्टर केवळ तक्ते भरीत असे. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी अनिवार्य ठरली, आणि २०१९ मध्ये नवे नियम आले. नियमांनी रुग्णास संरक्षण दिले. प्रश्न विचारण्याचे शिक्षण मात्र नियम देऊ शकत नाहीत.

त्या शिक्षणाचा नमुना अमेरिकेतील वेल (१९९६) व स्वित्झर्लंडमधील फ्लिम्स (१९९९) येथील कार्यशाळांत तयार झाला होता. त्याच धर्तीवर टाटा मेमोरियल सेंटर व राष्ट्रीय कर्करोग ग्रिड यांच्या पुढाकाराने २०१५ पासून ‘क्रेडो’ ही निवासी कार्यशाळा भरू लागली. येथे तरुण डॉक्टर आपली अर्धीकच्ची कल्पना घेऊन येतो. संख्याशास्त्रज्ञ त्याला विचारतो : किती रुग्ण लागतील? कोणता फरक तू फरक मानशील? औषध निरुपयोगी ठरले तर ते कधी थांबवशील? बहुतेकांची मूळ कल्पना या प्रश्नांपुढे टिकत नाही, आणि तेच अपेक्षित असते. प्रबंधाचा विषय मार्गदर्शकाच्या कपाटातून काढून देण्याची आपल्याकडील रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील वेगळेपण सांगावयास नको.

प्रश्न आपला असला म्हणजे काय होते, याचे उदाहरण डॉ. विजय पाटील व सहकाऱ्यांच्या चाचण्यांत आढळते. डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त गोळ्या त्यांनी सिस्प्लॅटिनच्या तुलनेत तपासल्या (२०२०). ४२२ रुग्णांत जगण्याचा मध्यक ६.१ महिन्यांऐवजी ७.५ महिने आला. त्यानंतर अशा गोळ्यांच्या उपचारास निव्होलुमॅबच्या अवघ्या २० मिलिग्रॅम मात्रेची, म्हणजे रूढ मात्रेच्या दशांशाहूनही कमी औषधाची, जोड देण्यात आली. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. महाग औषध कमी मात्रेत चालेल का, हे विचारण्यात औषध विकणाऱ्यास स्वारस्य असण्याचे कारण नव्हते.

खारघर येथेच ४ जून २०२१ रोजी आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या कार-टी पेशी प्रथमच एका रुग्णास देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचारास मान्यता मिळाली. त्या पहिल्या रुग्णाच्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे परदेशातून आलेला तयार तक्ता नव्हता. मात्रा, देखरेख आणि थांबण्याची वेळ यांचा आराखडा त्यांना येथेच लिहावा लागला होता.