विश्वदृष्टी (कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात)

विश्वदृष्टी : जग कसे चालते, त्यात माणसाची जागा कोणती, काय पवित्र, काय उपयोगाचे आणि कशावर कोणाचा हक्क, यांविषयी एखाद्या समाजात रुजलेली गृहीतके. मत मांडावे लागते. विश्वदृष्टी कामातून, सणांतून, भीतीतून लहानपणीच अंगी मुरते. त्यामुळे जग असेच आहे, अशी प्रत्येकाची खात्री असते. तत्त्वज्ञानात या कल्पनेचा माग इमान्युएल कांटच्या १७९० मधील लेखनापर्यंत काढला जातो. पुढे मानवशास्त्राने ती समाजांच्या अभ्यासासाठी वापरली.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांत विश्वदृष्टींमधील भेदाने लोकांच्या जगण्यावर फार मोठा परिणाम केला आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून डोंगर चढले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला, असे आजही छापले जाते. त्या डोंगरावर धनगर, ठाकर आणि कातकरी यांचा वावर आधीपासून होता.

याच प्रदेशातील ऐनाचे झाड घ्यावे. भातशेती करणाऱ्याला त्यात राब दिसतो. उन्हाळ्यात ऐन-किंजळीच्या फांद्या छाटायच्या, शेण, पालापाचोळा आणि गवत यांच्यासह रोपांच्या जागेवर पसरायच्या, वर माती टाकून भाजायचे. तणाचे बी जळते, राख जमिनीत मिसळते आणि लावणीसाठी रोप जोमदार येते. एकोणिसाव्या शतकातील वनाधिकाऱ्याला त्याच झाडात इमारती लाकूड दिसे आणि छाटलेली फांदी ही नासाडी वाटे. वाद इतका पेटला, की ठाणे आणि कुलाबा भागांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. जे. ए. व्होएल्कर यांच्या भारतीय शेतीवरील १८९३ च्या अहवालातही राबाची चर्चा आहे. शेतकरी आणि वनाधिकारी या दोघांचेही निरीक्षण खरे होते. पण एकाच्या हाती कायदा, पहारेकरी आणि दंड होता, म्हणून त्याचे पाहणे ‘शास्त्र’ ठरले आणि दुसऱ्याचे ‘गुन्हा’. विश्वदृष्टीच्या विवेचनात सत्तेचा हा भाग वगळला, तर विषय अर्धाच राहतो.

खैराचेही तसेच झाले. कातकऱ्यांची ओळखच खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे अशी. जंगल राखीव झाल्यावर हा धंदा बसला आणि पुढे अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेली. आज कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे.

विश्वदृष्टी जशी दाखवते तशी झाकतेही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. ‘मुळात हे लोक तिथे राहतच का होते?’ असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. गाडीरस्ता असेल तीच राहण्याची जागा, हे त्या प्रश्नातले गृहीत. वाडीच्या लेखी डोंगर म्हणजे शेत, पाणी, रानभाजी आणि देव. गिर्यारोहकाला तिथे सुळका आणि नेढे (खडकातील आरपार भोक) दिसे. सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत तर वाडीचे नावच नव्हते. पिढ्यांच्या ओळखीने दरड थांबत नाही, हे खरे; पण डोंगराबद्दल वाडीला विचारल्यावाचून केलेली यादीही तितकीच आंधळी ठरली.

तरुण पिढीत दोन दृष्टी एकत्र नांदतात. खालापूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी कुठे उगवेल तेही जाणतो. याला संभ्रम म्हणणे अन्यायाचे आहे. ती दुहेरी जाण आहे.

कागदाबाहेरची ही जाण आता कायद्यानेही काही अंशी मानली आहे : वनहक्क कायदा, २००६ याखालील २००८ च्या नियमांनी दाव्याच्या पुराव्यांत सरकारी कागदांबरोबर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदन, जुनी दफनभूमी आणि पवित्र स्थाने यांनाही जागा दिली आहे.