लाकडी सांगाड्याची घरबांधणी (महाराष्ट्र)

लाकडी सांगाड्याची घरबांधणी ही महाराष्ट्राच्या पठारी प्रदेशातील एक पारंपरिक बांधकामपद्धती होय. या पद्धतीत छताचा व मजल्यांचा बहुतांश भार लाकडी खांब आणि तुळया पेलतात, तर माती, विटा किंवा दगड यांच्या भिंती प्रामुख्याने आडोशाचे काम करतात. सोलापूर, धाराशिव व लातूर या जिल्ह्यांतील माळवदी घरे आणि पुणे परिसरातील बहुमजली वाडे हे तिचे दोन ठळक प्रकार आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास ही घरे दगडामातीची वाटतात; त्यांचा खरा आधार मात्र आतल्या लाकडात असतो. लाकडाच्या उंच इमारतींकडे जगभर नव्याने लक्ष वेधले गेल्यामुळे या पद्धतीचा अभ्यास पुन्हा महत्त्वाचा ठरला आहे.

खण आणि सांगाडा

या घरबांधणीचे मूळ माप म्हणजे *खण*. दोन खांबांमधील अथवा दोन तुळयांमधील अंतरास खण म्हणतात. घराचा आकार चौरस फुटांत न सांगता खणांत सांगण्याची रीत होती. ‘पाच खणी सोपा’, ‘दहा खणांची माडी’ असे म्हटले की ऐकणाऱ्यास घराची ऐपत कळत असे. खणाची लांबी उपलब्ध लाकडाच्या लांबीवर ठरे. त्यामुळे घर वाढवायचे झाल्यास आणखी खण जोडणे सोपे जाई.

खांब थेट जमिनीत न पुरता *तळखडा* या दगडी बैठकीवर उभा केला जातो. ओल व वाळवी यांपासून लाकूड दूर राहावे, हा त्यामागील हेतू. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या अशी मांडणी असते. तिलाच *कडीपाट* म्हणतात. सांधे खोबण व कुसू यांचे असतात. एका लाकडास खाच पाडून दुसऱ्याचे निमुळते टोक तीत बसवायचे आणि पाचर मारायची, अशी ही युक्ती आहे. लोखंडी खिळ्यांवर फारसे अवलंबून नसल्याने असा सांगाडा सुटा करता येतो.

माळवद

सोलापूर जिल्हा व लगतचा मराठवाडा हा कमी पावसाचा आणि कडक उन्हाळ्याचा प्रदेश आहे. येथे उतरत्या कौलारू छपराऐवजी सपाट मातीचे छत रूढ झाले. त्यास *माळवद* किंवा *धाबे* म्हणतात. कड्यांवर फळ्या अथवा काटक्यांचा दाट थर (*किलच*), त्यावर पाला आणि त्यावर दाबून बसविलेली माती असे हे छत असते. सर्वांत वरचा थर पांढऱ्या मातीचा असतो, कारण ती पाणी सहज झिरपू देत नाही. ही माती बहुधा गावातल्या जुन्या गढीतून किंवा पांढरीतून आणली जाई. छताला हलका उतार देऊन पाणी पन्हळीने बाहेर काढतात. उजेड यावा व चुलीचा धूर जावा म्हणून छतात *सवणे* ठेवतात.

सधन घरांत साग वापरला जाई. तो या भागात पिकत नसल्याने बाहेरून आणावा लागे. सामान्य कुटुंबे बाभूळ व लिंब यांच्या लाकडावर भागवीत. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावरचे गवत काढून मातीचा नवा थर टाकण्याची प्रथा होती. या एका कामातच माळवदाचा गुणही आहे आणि दोषही. मातीच्या जाडीमुळे चाळीस अंशांहून अधिक तापमानातही घर थंड राहते. पण जुनी माती न काढता वर्षानुवर्षे नवी टाकल्यास जाडी वाढत जाते. अनेक घरांत ती अर्ध्या मीटरपलीकडे गेलेली आढळते. दाबलेल्या मातीचे वजन दर घनमीटरला सुमारे १,६०० ते १,८०० किलोग्रॅम असते. या हिशेबाने तीन मीटर लांब व तितक्याच रुंद खोलीच्या डोक्यावर सात ते आठ टन माती असते. तीन-चार पिढ्यांच्या डागडुजीचे हे ओझे नजरेस पडत नसल्याने त्याचा विचार फारसा झाला नाही.

किल्लारी भूकंप आणि त्याचा अर्थ

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. माळवदी घरे माणसे मारतात, असा समज त्यानंतर सर्वत्र पसरला. तो पूर्णपणे खोटा नाही, पण अपुरा आहे.

या घरांच्या भिंती दोन पदरी असत. बाहेरच्या व आतल्या बाजूस ओबडधोबड दगड मातीत बसवून मधली पोकळी लहान दगडगोट्यांनी भरीत. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. धक्का बसताच पदर एकमेकांपासून फुटले आणि भिंती आत-बाहेर ढासळल्या. मात्र जेथे छत स्वतंत्र लाकडी खांबांवर होते, तेथे भिंती कोसळूनही सांगाडा आणि त्यावरील माळवद उभे राहिल्याची उदाहरणे भूकंपानंतरच्या पाहण्यांत अनेक ठिकाणी नोंदली गेली. जेथे छताचा भार थेट दगडी भिंतींवर टाकलेला होता, तेथे भिंतीपाठोपाठ सारे छत खाली आले. खांब असलेल्या घरांतही माणसे दगावली, ती मुख्यतः भिंतींच्या दगडांखाली.

म्हणजे या घरांत सर्वांत दुबळी होती ती भिंत, आणि सर्वांत धोकादायक होते ते छतावरचे वजन. लाकडी सांगाडा त्या मानाने टिकाऊ ठरला. त्याचीही उणीव होतीच: खांब तळखड्यावर नुसता टेकलेला असे आणि खांब-तुळईच्या कोनांत तिरके आधार नसत, त्यामुळे आडव्या धक्क्यात सांगाडा कलू शकतो. भूकंपोत्तर दुरुस्तीसाठी सुचविलेले उपाय याच निदानावर आधारलेले होते: माळवदाची माती कमी करणे, कोनांत तिरकस आधार ठोकणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे बंध घालणे. प्रत्यक्षात भीतीपोटी अनेकांनी सारा सांगाडाच उतरवला आणि पत्रे घातले. उन्हाळ्यात त्या पत्र्यांखाली दुपार काढणे काय असते, हे सोलापूरकरांस सांगावयास नको.

पुण्यातील बहुमजली वाडे

याच सांगाड्याने पेशवाईत उंची गाठली. शनिवारवाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी केली व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्यासाठी साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीहून आणल्याचे सांगतात. मुख्य इमारत सात मजली होती, असे परंपरेने मानले जाते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील लाकडी इमारती जळून गेल्या. तट, बुरूज आणि जोती तेवढी उरली. १८७९ मध्ये बुधवार वाडा आगीत नष्ट झाला. त्या वेळी दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्याचाही काही भाग जळाला, परंतु त्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू आजही पाहता येते. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातील नदीकाठचे कित्येक वाडे पडले, ते मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्यामुळे.

लाकडाचा पुनर्वापर

सांगाडा सुटा होत असल्याने जुन्या घराचे लाकूड नव्या घरात जाई. जुन्या तुळईवर आज कशासही उपयोगी नसलेल्या खाचा दिसतात. त्या तिच्या आधीच्या घरातल्या असतात. वाडा पाडला तरी त्याचा साग विकला जातो, आणि मुरलेले लाकूड म्हणून त्यास चांगला भाव येतो.

पर्यावरणाच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे निम्मा भाग कार्बन असतो आणि लाकूड घरात आहे तोवर तो हवेत मिसळत नाही. याउलट जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात ते आठ टक्के वायू सिमेंटच्या उत्पादनातून निर्माण होतो. अर्थात तोडलेल्या झाडाच्या जागी झाड लावले आणि वाढविले, तरच हा हिशेब जुळतो. पेशवाईतील वाड्यांबाबत तो जुळत होता, असे मानण्यास आधार नाही.

उंच लाकडी इमारती आणि योरुबा परंपरा

१९९० च्या दशकात ऑस्ट्रिया व जर्मनीत लाकडी पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवून मोठे जाड फलक बनविण्याचे तंत्र विकसित झाले. त्यातून व चिकटवून बनविलेल्या तुळयांतून लाकडी मनोरे उभे राहू लागले. नॉर्वेतील म्योसतार्नेट (२०१९) हा १८ मजली असून त्याची उंची ८५.४ मीटर आहे. अमेरिकेतील मिलवॉकी येथील असेंट (२०२२) ही २५ मजली इमारत ८६.६ मीटर उंच आहे. तिचे खालचे मजले मात्र काँक्रीटचे आहेत. जाड लाकूड आगीत मिनिटाला एक मिलिमीटरहून कमी गतीने जळते आणि वरच्या कोळशाच्या थरामुळे आतला गाभा काही काळ भार पेलत राहतो. अग्निसुरक्षेची गणिते यावरच बेतलेली असतात. शनिवारवाड्यासारख्या वास्तूंत जाड खांबांबरोबर पातळ फळ्या, जाळीकाम आणि उघडे जिने असत, हा फरक येथे लक्षात घ्यावा.

परंपरेशी नाते सांगणारा एक प्रस्ताव नायजेरियातील लागोस शहरासाठी मांडला गेला. कॅमेरूनचे वास्तुरचनाकार हर्मन काम्ते यांनी तेथील एका जुन्या निवासी इमारतीवर लाकडी मनोरा उभारण्याचा आराखडा केला व त्याच्या दर्शनी भागासाठी योरुबा संस्कृतीतून प्रेरणा घेतली. योरुबा लोकांचे पारंपरिक घर अंगणाभोवती रचलेल्या खोल्यांचे असून त्यात विस्तारित कुटुंब राहते. राजवाड्यांच्या ओसरीचे खांब कोरण्याची थोर परंपरा तेथे आहे. इसे येथील ओलोवे या शिल्पकाराने इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेले खांब जगप्रसिद्ध आहेत. चौक, त्याभोवतीची ओसरी आणि कोरीव खांब हे मराठी वाचकास परके वाटू नयेत. दोन्ही समाजांचा परस्परांशी संबंध नसताना उष्ण हवामान व एकत्र कुटुंब यांतून सारखी रचना घडली, असे म्हणता येईल.

सद्यस्थिती

भारतात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदी घातली होती. ती २०२० मध्ये उठविण्यात आली. सोलापुरात आज होणारी मोठी घरबांधणी काँक्रीटची आहे. कुंभारी येथील असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीतील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लाभार्थींना देण्यात आली, तीही याच प्रकारची. माळवदी घरे खेड्यांत व जुन्या पेठांत अद्याप आढळतात. पुष्कळदा पुढचा सोपा माळवदाचा आणि मागच्या खोल्या स्लॅबच्या, असे त्यांचे मिश्र रूप दिसते. माळवद घालणारे व किलच भरणारे कारागीर आता थोडेच उरले असून बहुतेक वयस्क आहेत.