दोन कलमे, एक बाई

१ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई; म्हणून त्या जास्तीचे लुगडे सोबत नेत. त्यांच्या १८५६ च्या पत्रात सहकारी फातिमा यांचाही उल्लेख येतो.

बरोबर १७४ वर्षांनी, १ जानेवारी २०२२ ला, 'बुल्लीबाई' नावाच्या अ‍ॅपवर शंभराच्या आसपास मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे 'लिलावा'साठी म्हणून लावली गेली. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' नावाने हेच घडले होते. विक्री कुणाचीच झाली नाही. हेतू विटंबनेचा होता. मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पकडली गेली ती विशीच्या आसपासची मुले. एक तर अठरा वर्षांची मुलगी.

गुन्ह्याच्या कलमांत ५०९ आणि १५३-अ ही दोन होती. पहिले स्त्रीच्या विनयाचा अवमान करण्याबद्दलचे, १८६० च्या दंडसंहितेतले. दुसरे धर्म, वंश यांवरून वैर पसरवण्याबद्दलचे, १८९८ साली घातलेले. कायद्याच्या पुस्तकात बाईचा अपमान एका पानावर आणि जमातीचा दुसऱ्या पानावर. या स्त्रियांच्या वाट्याला दोन्ही एकदमच आले.

त्या आठवड्यात चंद्रपुरात कॉलेजला जाणाऱ्या माझ्या भाचीने मोबाइलवरचा आपला फोटो काढून फुलाचे चित्र लावले. मी म्हणालो, "बेटा, मलाही लोक शिव्या देतात."

ती म्हणाली, "मामू, तुम्हाला कवितेवरून देतात. त्या बायांचा तर नुसता चेहरा घेतला."

मी गप्प झालो, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एकाने भामरागडकडच्या एका माडिया मुलीचा फोटो टाकला होता, खाली 'जंगली' म्हणून विनोद. तिला ठाऊकही नसावे. सगळे हसले. मीही हसरा चेहरा टाकला होता. ज्या महाकालीच्या देवळावरून आम्ही रोज जातो ते बांधणारी राणी हिराई गोंडच होती, चांद्याचा कारभार पाहणारी. हे आम्हा सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे.

ती माडिया मुलगीही दोन्ही कलमांतली होती. पण तिच्यासाठी कुणी ठाण्यात गेले नाही.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिले, की त्या फोटोला मी हसलो ती माझी चूक. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग एकाने लिहिले, "गंमत होती रे भाऊ." शेण फेकणारेही पुढच्या गल्लीत जाऊन हेच म्हणत असतील.

भाचीच्या मोबाइलवर अजून ते फूलच आहे.