ऋण, उणे आणि वजा : संख्यारेषेचा पूर्वविचार

ऋण आठ ही संख्या ऋण तीनपेक्षा लहान आहे, हे विधान मुलाला प्रथम पटत नाही. आठ रुपयांचे ऋण तीन रुपयांच्या ऋणाहून मोठे, हे त्याला घरीच कळलेले असते. ही चूक त्याच्या बुद्धीची नसून शब्दाने लावलेल्या वळणाची आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून या शब्दाचा इतिहास पाहणे अगत्याचे ठरते.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'च्या अठराव्या अध्यायात धन, ऋण व शून्य यांचे नियम दिले. समान धन व ऋण मिळविल्यास शून्य येते, हा नियम सावकाराच्या वहीवरूनही समजतो. परंतु ऋणाला ऋणाने गुणिले असता धन का यावे, याचा उलगडा ती वही करीत नाही.

भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) लेखनात ही अडचण स्पष्ट दिसते. 'बीजगणिता'तील वानरांच्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग घ्यावयाचा आहे. उत्तरे ५० व ५ अशी दोन येतात. पण ५ घेतल्यास वर्ग करावयाची संख्या ऋण दोन होते. वानर ऋण कसे असणार? लोकांना असे ऋण मान्य नाही, म्हणून आचार्य ते उत्तर सोडून देतात.

'लीलावती'त मात्र निराळा प्रकार आढळतो. त्रिकोणाच्या भुजा १० व १७ आणि भूमी ९ आहे. लंबाने होणाऱ्या भूमीच्या खंडांपैकी, म्हणजे आबाधांपैकी, एक १५ व दुसरी ऋण ६ येते. आचार्य ती टाकीत नाहीत; ती उलट दिशेस आहे, असे सांगतात. लंब भूमीच्या बाहेर सहा अंतरावर पडतो. येथे ऋण म्हणजे देणे नव्हे, दिशा होय.

इंग्लंडात जॉन वॉलिसने १६८५ च्या बीजगणितविषयक ग्रंथात पाच यार्ड पुढे जाऊन आठ यार्ड मागे येणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले. तो आरंभस्थानाच्या तीन यार्ड मागे असतो. अग्रमान कोणाचा, हा येथे प्रश्न नाही. रेषेवर येताच ऋणसंख्येची अशक्यता मावळते, एवढेच दाखवावयाचे आहे.

मराठीत या विषयाचे तीन शब्द आहेत. 'वजा' हा अरबीतून आलेला शब्द क्रिया सांगतो. 'उणे' हा संस्कृत 'ऊन'पासून आलेला शब्द कमतरता सांगतो. 'ऋण' देणे सुचवितो. चिन्ह मात्र एकच. 'तीन वजा आठ बरोबर ऋण पाच' हे लिहिताना पहिली आडवी रेघ चाल दाखविते, दुसरी स्थान.

यास्तव शिक्षकाने आधी रेषा आखावी, मध्ये शून्य मांडावे आणि मुलाला तिच्यावर मागेपुढे चालवावे. 'लहान' म्हणजे 'डावीकडचे' हे ठसले, की ऋण आठ हे ऋण तीनच्या डावीकडे आहे, हे तो स्वतःच सांगेल. 'ऋण' हा शब्द त्यानंतर द्यावा. शब्द प्राचीन आहे, तो टाकण्याचे कारण नाही. परंतु त्याचा दिशावाचक अर्थही तितकाच आपला आहे.