देवळाच्या आवारांतील मूठभर माती



आपल्याकडे स्मशान बहुधा गांवाच्या वेशीबाहेर असतें. इंग्लंडमधील जुन्या खेड्यांत मात्र तें देवळाच्या भिंतीलाच लागून असतें, आणि रविवारीं प्रार्थनेस जाणारा मनुष्य आपल्या वाडवडिलांच्या थडग्यांमधूनच वाट काढीत आंत जातो. या आवारांत जागा कोणाला मिळावी, आणि मृतावर कोणाच्या तोंडचे शब्द उच्चारले जावे, हे दोन प्रश्न दिसावयास एक दिसतात. पण ते निरनिराळे आहेत, हें समजावयास त्या देशाला फार दिवस लागले.

एका देवळाच्या हद्दींतील वस्तीला 'पॅरिश' म्हणतात. त्या हद्दींत राहणाऱ्या किंवा तेथें मरण पावलेल्या मनुष्याला देवळाच्या आवारांत पुरलें जाण्याचा हक्क इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानें दिलेला आहे; आवारांत जागा शिल्लक असेल तेथें तो आजहि चालतो. जमीनदार असो कीं शेतमजूर असो, मातीपुरते दोघे सारखे.

घरांत मृत्यु झाला म्हणजे देवळांत निरोप जाई. १६०४ च्या धर्मनियमांप्रमाणें मनुष्य मरणोन्मुख असतां घंटा वाजवावयाची, आणि पुढें मृत्यूनंतर एकदां, दफनापूर्वीं एकदां व दफनानंतर एकदां ती वाजवावयाची. गरिबांना स्वतःची शवपेटी परवडत नसे. पुष्कळ पॅरिशांत एकच सामाईक पेटी ठेवलेली असे; तींतून प्रेत आणावयाचें, नुसत्या कफनांत तें खड्ड्यांत ठेवावयाचें, आणि पेटी पुढच्यासाठीं परत न्यावयाची. आवाराच्या छपरी दरवाजाला 'लिचगेट' असें नांव आहे. त्यांतील 'लिच' हा प्रेत या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द होय. प्रार्थनापुस्तकाच्या आज्ञेप्रमाणें उपाध्यायानें आवाराच्या प्रवेशापाशीं प्रेताला सामोरें जाऊन प्रार्थना म्हणत पुढें चालावयाचें. शेवटीं वहींत नोंद होई. ही वही टॉमस क्रॉमवेल याच्या आज्ञेनें १५३८ सालीं सुरू झाली.

सरकारनेंहि या विधींत हात घातला. लोकरीच्या धंद्याला उत्तेजन मिळावें म्हणून १६६६ व १६७८ च्या कायद्यांनीं प्रेत लोकरीच्याच कापडांत पुरण्याची सक्ती केली. तसें केल्याचें शपथपत्र आठ दिवसांत न आल्यास पांच पौंड दंड होई. त्यांतील निम्मा खबर देणाऱ्यास व निम्मा पॅरिशच्या गरिबांस जाई. कांहीं श्रीमंतांनीं दंड भरला, पण आपल्या माणसाला लोकर नेसविली नाहीं. हा कायदा १८१४ सालीं रद्द झाला.

जमीन अशी सर्वांची असली, तरी विधि सर्वांचा नव्हता. आवारांत राजमान्य चर्चच्याच उपाध्यायानें त्याच्याच पुस्तकांतून प्रार्थना म्हणावी असा नियम होता. आणि १६६२ चें प्रार्थनापुस्तक सांगे कीं, बाप्तिस्मा न झालेले, धर्मबहिष्कृत व आत्महत्या केलेले यांच्यासाठीं हा विधि वापरूं नये. बॅप्टिस्ट पंथाचे लोक तर तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नाहींत. त्यामुळें त्यांचीं निष्पाप लेंकरें या यादींत जाऊन बसलीं.

याचा परिणाम १८७८ च्या ऑगस्टमध्यें सफोक परगण्यांतील ऐकन्हॅम या खेड्यांत दिसला. जोसेफ रॅमसे हा एका बॅप्टिस्ट शेतमजुराचा दोन वर्षांचा मुलगा वारला. उपाध्याय जॉर्ज ड्र्यूरी यांनीं जागा नाकारली नाहीं. पण आवारांत प्रार्थना होणार नाहीं असें सांगितलें. तेव्हां विकम टोझर या दुसऱ्या पंथाच्या धर्मोपदेशकानें फाटकाबाहेर शेतांतच प्रार्थना सुरू केली. ड्र्यूरी तेथें आले; शवपेटी पुढें असतां दोघांत वाद जुंपला; आणि शेवटीं ड्र्यूरी फाटकाला कुलूप लावून निघून गेले. प्रार्थना आटोपल्यावर लोकांनीं ती लहानगी पेटी कुंपणांतल्या वाटेनें आंत नेली व पुरली.

ही हकीकत वर्तमानपत्रांत येतांच देशभर गवगवा झाला. ड्र्यूरी यांनीं संपादकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७९ मध्यें निकाल त्यांच्या बाजूनें लागला, पण भरपाई मिळाली अवघी चाळीस शिलिंग! येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आवारांतल्या प्रार्थनेची बंदी ही ड्र्यूरी यांची लहर नव्हती; नियमाचें बळ त्यांच्या पाठीशीं होतें. नियमच माणुसकीला सोडून होता, हें त्यांच्या कुलुपानें सर्वांना दाखविलें.

असा नियम बदलावा म्हणून ऑस्बर्न मॉर्गन हे पार्लमेंटांत कित्येक वर्षें झगडत होते. १८८० सालीं त्यांना यश आलें. नव्या कायद्याप्रमाणें मृताच्या माणसांनीं उपाध्यायाला ४८ तास आधीं लेखी सूचना द्यावी, कीं आवारांत आपल्या पंथाची ख्रिस्ती प्रार्थना करून, किंवा मुळींच प्रार्थना न करतां, दफन करण्याची त्यांना मोकळीक आहे. उपाध्यायालाहि पूर्वींच्या बंदीच्या प्रसंगीं निराळी प्रार्थना म्हणण्याची मुभा मिळाली.

ऐकन्हॅमचें तें देऊळ आजहि शेतांच्या मधोमध उभें आहे. त्या पोराला मिळालेली माती कायद्यानें आधींपासूनच त्याची होती. तिच्या कांठाशीं उभें राहून आपल्या लेंकराला आपल्या शब्दांत निरोप देण्याचा हक्क मात्र त्याच्यामागून दोन वर्षांनीं इतर आईबापांना मिळाला.