मुका खांब

क्रोशा शिकणाऱ्याला आधी तीन शब्द शिकावे लागतात : साखळी, खांब आणि मुका खांब. साखळी हा पाया. तिच्यावर उंच उभा राहतो तो खांब. सुईवर दोऱ्याचा जादा वेढा न घेता घातलेला, बुटका आणि घट्ट, तो मुका खांब. लहानपणी आमच्या घरात रोज कानावर पडणारे हे शब्द मी अलीकडे पुन्हा ऐकतो आहे, आणि तेही विशी-पंचविशीतल्या मुलांच्या तोंडून.

माझी भाची 2020 सालच्या टाळेबंदीत मोबाइलवर व्हिडिओ पाहून क्रोशा शिकली. पुढे तिच्या मैत्रिणी विणू लागल्या, वर्गातले दोघे-तिघे मुलगेही विणू लागले. आपल्याकडे क्रोशा म्हणजे दाराचे तोरण, टीव्हीवरचा रुमाल, देव्हाऱ्यातले आसन. ही मुले विणतात पिशव्या, कानातली, कधीही न सुकणारी सूर्यफुले, आणि 'आमिगुरुमी' नावाच्या कापूस भरलेल्या जपानी धर्तीच्या बाहुल्या. इन्स्टाग्रामवर फोटो टाकतात आणि विकतात.

परवा ती म्हणाली, "मामू, या पिशवीला अकरा तास लागले. दोरा अडीचशेचा. किंमत किती सांगू?" मला उत्तर देता आले नाही. मला अम्मा आठवली.

आमचे घर सोलापूरचे. अब्बा यंत्रमागावर कामाला. त्यांची पाळी, त्यांचा पगार, दिवाळीचा बोनस घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे. अम्मा टोप्या विणायची. नमाजाच्या पांढऱ्या, जाळीदार टोप्या. व्यापाऱ्याचा माणूस दोरा देऊन जायचा आणि आठवड्याने टोप्या मोजून न्यायचा. पैसे नगावर. एखादी जरा मळकट दिसली की तिचे पैसे कापले जायचे. शेजारणीने विचारले, "क्या काम करते जी?" तर अम्माचे उत्तर ठरलेले : "काम कायका? बैठे बैठे बुनती मैं."

त्या टोप्यांच्या पैशांतून माझी बी. ए.ची फी भरली गेली. कॉलेजच्या अर्जात मात्र 'आईचा व्यवसाय' या रकान्यासमोर मी लिहिले होते, 'काही नाही'.

हे 'काही नाही' माझ्या घरापुरते नव्हते, हे पुढे वाचता वाचता कळले. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ छोटा आकडा. ही कला नेमकी कुठे जन्मली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक तर्क असा, की डफासारख्या चौकटीत कापड ताणून आकड्याच्या सुईने भरतकाम करण्याची पद्धत 18व्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेली आणि पुढे कुणीतरी खालचे कापडच काढून टाकले. आपल्या कच्छच्या मोची कारागिरांचे आरीकाम हे त्याच जातीचे. तर्क खरा असेल तर आकडा इथून गेला आणि क्रोशा होऊन परत आला. युरोपात क्रोशाचे नमुने छापलेले आढळतात ते 1823च्या सुमारास, 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात.

तोवर हा सुखवस्तू घरांतला विरंगुळा होता. 1845 साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि सारे चित्र पालटले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. कॉर्कमध्ये मठातल्या जोगिणींनी, तर क्लोन्स गावात 1847 साली कॅसँड्रा हँड या पाद्रीपत्नीने गरीब बायकांना क्रोशा शिकवला. व्हेनिसच्या महागड्या लेससारखी दिसणारी लेस आकड्याच्या सुईने फार लवकर तयार होई. एकीने फुले विणायची, दुसरीने पाने, तिसरीने ती जाळीत जोडायची. श्रीमंतांच्या गळपट्ट्यांवर ती लेस चढली आणि त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या.

आपल्या देशात याच वाटेने गेलेले गाव म्हणजे आंध्रातले गोदावरीकाठचे नरसापूर. 19व्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे लेसकाम आणले. 1982 साली जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचे नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांना काय दिसले? घरकाम सांभाळून या बायका रोज सहा-आठ तास विणत होत्या. त्यांची लेस परदेशी जात होती, व्यापारी आणि निर्यातदार श्रीमंत होत होते. विणणारीला मिळे ती नावापुरती मजुरी, कारण सगळ्यांच्या लेखी ती मजूर नव्हतीच. ती फावल्या वेळात विणणारी गृहिणी होती. शेतात मजुरीला न जाता घरी बसण्यात प्रतिष्ठा होती, म्हणून तिलाही ते पटत होते. ते वाचताना मला अम्माचे 'बैठे बैठे' ऐकू आले. 2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव झाले, हे चांगलेच झाले.

आणखी एक गोष्ट मुलांना मी आवर्जून सांगतो. दोन सुयांवरच्या विणकामाचे यंत्र विल्यम ली या इंग्रजाने 1589 सालीच केले. हाताने होतो तसा क्रोशा घालणारे यंत्र कारखान्यांत अजूनही आलेले नाही. दोन सुयांच्या विणकामात साऱ्या ओळीचे टाके सुईवर रांगेत उभे असतात. क्रोशात बहुधा एकच टाका सुईवर असतो आणि सुई विणीत हवी तिथे, हवी तशी घुसते. यंत्राला ते नीट जमत नाही. 'क्रोशे मशीन' म्हणून जी असतात, त्यांची वीण वेगळी.

म्हणून भाचीच्या पिशवीला एक बाई म्हणाल्या, "बाजारात दोनशेला मिळते की!", तेव्हा मी गप्प राहिलो नाही. वीण खरी क्रोशाची असेल, तर दोनशेची पिशवीही कुणाच्या तरी हातांनीच विणलेली असते. त्या हातांना किती मिळाले असेल, एवढाच प्रश्न उरतो. ही मुले किंमत सांगताना तास सांगतात. काहींना तो आगाऊपणा वाटतो. मला वाटते, या कलेत फार उशिरा आलेला हा शहाणपणा आहे.

अम्माची एक टोपी माझ्याजवळ आहे. भाचीने ती उजेडात धरली, टाके मोजले, फेरे मोजले आणि म्हणाली, "मामू, हात कितीही चालता असला तरी सात तास." अम्मा आठवड्याला आठ टोप्या द्यायची. छप्पन्न तास. घरात दोन पाळ्या चालत होत्या. आम्ही एकच मोजत होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)